ईयोबाची दुसरी कन्या

गेल्या कार्तिकांत आमच्या भाचीचें अमेरिकेहून पत्र आलें. तिला कन्या झाल्याची वार्ता फोनवरून आधींच कळली होती. घरांत बर्फीहि वांटून झाली होती. पत्राचा विषय निराळा होता. "मामा, मुलीचें नांव 'केझिया' ठेवावयाचें आम्हीं दोघांनीं योजिलें आहे. आजीला तेवढें समजावून सांगा," असें तिनें लिहिलें होतें.

भाचीचे यजमान ख्रिस्ती, मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील एका जुन्या घराण्यांतले. त्यांच्या आईच्या आजीचें हें नांव. पत्र मोठ्यानें वाचून होतांच आमच्या ओसरीवर जी सभा भरली, तिचा वृत्तान्त थोडक्यांत देतों. कारण असे प्रसंग आतां आमच्या एकट्याच्याच घरीं येतात असें नाहीं. आमच्या मातोश्रींचें वय शहाऐंशी. त्यांनीं दोन-तीन वेळां तोंड वळवून पाहिलें आणि "देवाचीं एवढीं सोपीं नांवें सोडून हें काय?" असा प्रश्न केला. घरांतील मुलांनीं "केजींत जाणारी केजिया" असें यमक तत्काळ जुळविलें. आमच्या सूनबाईंनीं सांगितलें, "इथल्यांचें राहूं द्या, तिकडचीं मुलें मागें एक 'क्र' लावतील आणि पोरीला 'क्रेझी' म्हणतील." आमचे वडील बंधु संस्कृतज्ञ. "नांव आपलें नव्हे," एवढेंच बोलून त्यांनीं पुस्तकांत डोकें घातलें.

उच्चार बिघडेल, मुलें चिडवितील व नांव परकें आहे, असे हे आक्षेप. ते खोटे नव्हेत. नांव बापानें ठेवावें आणि तें आयुष्यभर मुलानें वागवावें, असा हा एकतर्फी व्यवहार आहे. म्हणून घाईनें होकार वा नकार देण्याऐवजीं आम्हीं त्या नांवाची चौकशी करावयाचें ठरविलें.

बायबलाच्या जुन्या करारांत ईयोबाचा ग्रंथ आहे. ईयोब हा मोठा सत्त्वशील पुरुष. देव त्याचें सत्त्व पाहतो. गुरेंढोरें जातात, सात पुत्र व तीन कन्या एका दिवसांत जातात, अंगाला फोड येतात. आपल्या हरिश्चंद्राची आठवण व्हावी अशी ही कथा. अखेर ४२ व्या अध्यायांत त्याचें सर्व वैभव परत येतें व पुन्हां सात पुत्र आणि तीन कन्या होतात. या तीन कन्यांपैकीं दुसरी ती केझिया. हिब्रू शब्दाचा अर्थ 'तज', म्हणजे दालचिनीच्या जातीची सुगंधी साल. तिसऱ्या बहिणीच्या नांवाचा अर्थ तर 'सुरम्याचें शिंग', म्हणजे डोळ्यांत घालावयाच्या काजळाची डबीच होय! तज हा जिन्नस प्राचीन काळीं पूर्वेकडून अरबी व्यापाऱ्यांच्या हातून पश्चिमेस जात असे. तेव्हां ज्या नांवास आम्ही परकें म्हणत होतों, त्याचा सुगंध आमच्या मसाल्याच्या डब्यांतलाच निघाला.

असलीं नांवें युरोपांत सर्रास कशीं झालीं, याचाहि एक इतिहास आहे. सोळाव्या शतकांतील धर्मसुधारणेनंतर साधुसंतांचीं रूढ नांवें टाकून बायबलांतील नांवें घेण्याकडे सुधारकांचा कल झाला. १५४६ सालीं जिनीव्हा शहरांत एक न्हावी आपल्या मुलास बाप्तिस्म्याकरितां घेऊन गेला. त्याला नांव हवें होतें 'क्लोद'. तें त्या भागांतील एका लोकप्रिय संताचें. म्हणून उपाध्यायानें बापास न विचारतां मुलाचें नांव 'अब्राहाम' असें उच्चारून टाकलें! बाप मुलाला उचलून चालता झाला व गांवांत मोठी गडबड उडाली. त्याच वर्षीं कोणतीं नांवें ठेवूं नयेत याविषयीं तेथें नियम करण्यांत आला. पुढें इंग्लंडांतील प्युरिटन पंथाच्या लोकांनीं हीच रीत उचलली व १६२० पासून ते अमेरिकेच्या किनाऱ्यावर वसाहती करूं लागले, तेव्हां हीं नांवेंहि त्यांच्याबरोबर गेलीं. बोस्टन येथें १६४९ त जन्मलेले एलिहू येल पुढें मद्रासेस कंपनीचे गव्हर्नर होते. त्यांच्या नांवानें तिकडील प्रसिद्ध विद्यापीठ चालतें. हा 'एलिहू' सुद्धां ईयोबाच्याच ग्रंथांतील एक तरुण वादपटु होय.

चेष्टेविषयीं म्हणाल तर प्युरिटनांएवढी चेष्टा क्वचितच कोणाची झाली असेल. लंडनमध्यें 'प्रेज-गॉड' म्हणजे 'ईशस्तवन कर' अशा नांवाचे, बेअरबोन आडनांवाचे एक कातड्याचे व्यापारी होते. १६५३ च्या पार्लमेंटांत ते सभासद झाले आणि विरोधकांनीं त्या सबंध पार्लमेंटालाच 'बेअरबोनचें पार्लमेंट' म्हणजे 'उघड्या हाडांचें पार्लमेंट' असें नांव पाडलें. इतिहासाच्या पुस्तकांत तें आजहि तसेंच आहे. मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या सर्वांत धाकट्या बहिणीचें नांव केझिया होतें. त्यांच्या दुसऱ्या एका बहिणीचें नांव 'मेहेताबेल'. तिला घरचे 'हेटी' म्हणत व ती कवयित्री म्हणून ओळखली गेली. अवघड नांवाला घरचें सोपें नांव जोडण्याची युक्ति जुनीच आहे. ती आपणांस नवीन नाहीं, हें बाळ, अप्पा व ताई यांनीं भरलेल्या आपल्या घरांत सांगणें नलगे. शिवाय लोकांची रुचि पालटते ती निराळीच. 'नोआ' हें जुन्या करारांतील, एके काळीं म्हाताऱ्यांचें वाटणारें नांव २०१३ सालीं अमेरिकेंत मुलग्यांना सर्वांत अधिक दिलें गेलें.

आतां उच्चाराकडे वळूं. बायबलांतील नांवांचा सारा प्रवास पाहिला तर तो अपभ्रंशांचाच प्रवास आहे. हिब्रू 'योहानान' याचा इंग्रजांनीं 'जॉन' केला, फ्रेंचांनीं 'ज्याँ', स्पॅनिश लोकांनीं 'हुआन' आणि रशियनांनीं 'इव्हान'. आमच्या कोंकणांत तर याचें सुंदर उदाहरण आहे. कुलाबा जिल्ह्यांतील बेने इस्रायल मंडळी, ज्यांना शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून लोक 'शनवार तेली' म्हणत, त्यांनीं आपलीं हिब्रू नांवें मराठी जिभेला अशीं कांहीं वळविलीं कीं 'शमुवेल'चा सामाजी झाला व 'यहेज्केल'चा हसाजी. मुंबईतील त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर १७९६ त बांधणारे गृहस्थ सामाजी हसाजी दिवेकर. नांव ऐकून हा आपला कोणी आळीकर आहे असेंच वाटावें. ज्यू धर्मास अथवा त्या पुरुषाच्या कीर्तीस या 'जी'मुळें कांहीं बाध आला नाहीं.

आणि उच्चाराची शुद्धि म्हणजे तरी काय? आमच्या भाचीच्या स्वतःच्या नांवांत 'ज्ञ' आहे. गेलीं आठ वर्षें अमेरिकेंत त्या अक्षराचे जे हाल होतात ते ती हंसत सांगते. पण त्याच 'ज्ञ'चा उच्चार आपण 'द्न्य' असा करतों, उत्तरेकडे 'ग्य' करतात व गुजराथेंत 'ग्न'. आणि वैयाकरणांस विचारावें तर यांतील एकहि ते मान्य करणार नाहींत. ज्याच्या घरीं हा गोंधळ, त्यानें दुसऱ्याच्या नांवास उच्चारदोषाचें कारण सांगून नाकारावें हें आम्हांस प्रशस्त वाटेना.

चौथ्या दिवशीं वडील बंधूंनींच पुस्तकांतून डोकें वर काढलें. ते म्हणाले, "पारस्कर गृह्यसूत्राप्रमाणें मुलीचें नांव विषम अक्षरांचें व आकारान्त असावें. मनु म्हणतो, स्त्रीचें नांव सुखानें उच्चारतां यावें, क्रूर नसावें, अर्थ स्पष्ट असावा, मन हरण करणारें व मंगल असावें, शेवटीं दीर्घ स्वर असावा. के-झि-या. अक्षरें तीन, अन्तीं आकार, अर्थ सुगंधी साल. मला दोष दिसत नाहीं." सुखोच्चाराचा प्रश्न तेवढा राहिला होता. तोहि सुटला. मूळ हिब्रू उच्चार 'केत्सीआ' असा आहे, हें आम्हीं मातोश्रींस सांगितलें. त्यांच्या धाकट्या बहिणीचें नांव वत्सला. 'वत्सला' म्हणत ज्या जिभेचीं ऐंशी वर्षें गेलीं, तिला 'केत्सिया' अवघड कसें जावें? त्यांनीं पहिल्याच खेपेस तें स्वच्छ म्हटलें. अमेरिकेंत बहुतेक लोक 'केझाया' म्हणतात. म्हणजे मूळाच्या अधिक जवळचा उच्चार आतां कोंकणस्थ पणजीचा झाला.

येथें हा लेख संपविणें सोयीचें झालें असतें. परंतु भाचीच्या पत्राचा उत्तरार्ध आम्हीं ओसरीवर वाचला नव्हता.

तिनें लिहिलें होतें: "मामा, सासूबाईंच्या आजीचें नांव म्हणून मला तें आवडलें, हें खरें, पण तेवढेंच नव्हे. ईयोबाच्या शेवटच्या अध्यायांत त्याच्या सात मुलग्यांपैकीं एकाचेंहि नांव दिलेलें नाहीं. तिन्ही मुलींचीं मात्र दिलीं आहेत. आणि पुढें लिहिलें आहे कीं बापानें त्यांना त्यांच्या भावांच्या बरोबरीनें वारसा दिला. आईनें सही केली तेव्हां मी दहा वर्षांची होतें. मी तिच्याजवळच बसलें होतें."

ती सही कोणती, हें वाचकांस सांगितलें पाहिजे. वडिलांच्या पश्चात् २००१ सालीं कोंकणांतील घर व नारळी-पोफळीची बाग आम्हां दोघां भावांच्या नांवें झाली. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें वडिलांच्या मिळकतींत ताईचा हिस्सा होता. तिनें हक्कसोडपत्र करून दिलें. कोणी जबरदस्ती केली नाहीं. 'बहिणी असेंच करतात' एवढें एक वाक्य आम्हीं बोललों होतों व दस्त झाल्यावर तिला एक पैठणी घेतली होती. पुढें २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींतहि मुलगी जन्मतःच मुलाप्रमाणें सहहिस्सेदार ठरली, तेव्हां वर्तमानपत्रांतील ती बातमी आम्हीं वाचली आणि पान उलटलें. त्या कचेरींत बांकावर पाय हालवीत बसलेली मुलगी आम्हांस पाहत होती, हें आम्हांस बावीस-चोवीस वर्षांनीं कळलें.

तेव्हां या नांवाची निवड हौस म्हणून झालेली नव्हती. आणि आमच्या मतें असाधारण नांवाची खरी कसोटी हीच. केवळ चारचौघांत निराळें दिसावें म्हणून जें ठेवलें जातें, त्याच्या चेष्टेला मुलापाशीं उत्तर नसतें. ज्या नांवामागें सांगण्याजोगी गोष्ट आहे, तें नांव शाळेंतील यमकांना पुरून उरतें. ज्या आईबापांना असें नांव ठेवावयाचें असेल त्यांनीं तें आधीं घरांतील सर्वांत वृद्ध व सर्वांत लहान माणसाकडून दहा वेळां म्हणवून घ्यावें. दोन्ही लिप्यांत लिहून पाहावें. त्याचीं वेडीं यमकें आपणच आधीं जुळवून पाहावींत. घरचें एक सोपें नांव जोडीस द्यावें. आणि मूल पांच वर्षांचें होण्यापूर्वीं त्याला त्या नांवाची कथा सांगावी. मग जगानें उच्चार कसाहि करो.

बारसें मार्गशीर्षांत झालें. तिकडे पाळणा होता, इकडे फोन. मातोश्रींनीं 'केत्सिया' म्हटलें, तिकडल्या आजीनें 'केझाया' म्हटलें, आणि मुलगी दोघींच्या आवाजाला सारखीच रडली.

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ति तयार होत आहे. जुन्या आवृत्तींत आमच्या वडिलांच्या नांवाखालीं 'पुत्र दोन' म्हणून आमचीं नांवें आहेत आणि 'कन्या एक' एवढाच उल्लेख आहे. संपादकांस आम्हीं ताईचें नांव, तिच्या मुलीचें नांव व नातीचें नांव लिहून पाठविलें आहे. हक्कसोडपत्राविषयीं वडील बंधूंशीं बोलणें काढलें आहे. पहिल्या दिवशीं ते कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं बागेचा सात-बारा मागवून घेतला.