विश्लेषण : ‘हंटिंग बूट’ सह्याद्रीत चालतात का? पावसाळी ट्रेकसाठी बूट कसे निवडावेत?

जूनमध्ये पावसाने जोर धरला की वसई-विरारच्या पूर्वेकडचे डोंगर हिरवे होतात आणि शनिवार-रविवारी तुंगारेश्वर, कामणदुर्ग, टकमक गडाच्या वाटा गजबजतात. त्याआधीच मोबाइलवर बुटांचा शोध सुरू झालेला असतो. ‘ट्रेकिंग शूज’ असे शोधले की हमखास समोर येतात ते उंच, दणकट, लष्करी ठशांचे ‘हंटिंग बूट’. ‘वॉटरप्रूफ’, ‘डोंगर-जंगलासाठी खास’ अशी त्यांची जाहिरात असते. किंमतही भारी असते. पण हे बूट आपल्या डोंगरांत कितपत उपयोगी आहेत?

हंटिंग बूट म्हणजे नेमके काय?

हे बूट शिकाऱ्यांसाठी तयार झाले. अमेरिकेतील मेन राज्यात लिऑन बीन यांनी 1912 मध्ये रबरी तळ आणि चामड्याचा वरचा भाग असलेला शिकारी बूट टपालाने विकायला सुरुवात केली. पहिल्या 100 जोडांपैकी 90 परत आले, कारण रबर आणि चामडे यांची शिवण उसवली. बीन यांनी पैसे परत केले आणि बूट सुधारला. थंड, दलदलीच्या जंगलात सावजाची वाट पाहत तासन् तास थांबायचे, ही त्यामागची गरज होती. म्हणूनच आजही अनेक हंटिंग बूट पोटरीपर्यंत उंच, आतून उबदार अस्तराचे आणि वजनदार असतात. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. त्यामुळे येथे हे बूट ट्रेकिंगच्या नावाने खपतात. आपल्याकडे जुन्या ट्रेकर मंडळींच्या बोलण्यात येणारे ‘हंटर शूज’ मात्र वेगळे. ते कॅनव्हासचे, रबरी तळाचे, स्वस्त आणि हलके असत.

सह्याद्रीत अडचण कोणती?

पहिली अडचण उष्म्याची. पावसाळ्यातही पालघर जिल्ह्यात तापमान 25 ते 30 अंशांच्या आसपास आणि हवा दमट असते. त्यात उबदार अस्तर म्हणजे पायाला घामाची अंघोळ. ओली, मऊ पडलेली त्वचा लवकर सोलवटते आणि फोड येतात.

दुसरी अडचण वजनाची. पायातले एक किलो वजन पाठीवरच्या साधारण चार ते सहा किलोंइतके दमवते, असे अभ्यास सांगतात. दमलेला माणूस पाऊल पुरेसे उचलत नाही आणि उतरताना ठेचकाळतो. ट्रेकमधल्या बऱ्याच घसरगुंड्या उतरणीवर होतात, त्या यामुळेही.

‘वॉटरप्रूफ’ बुटात पाणी कसे शिरते?

वरून. गोअर-टेक्ससारख्या पातळ पडद्याला अतिसूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाण्याचा थेंब आत येत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर जाते. पण ही वाफ बाहेर जाण्यासाठी बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असावी लागते. थंड प्रदेशात हे गणित जमते. आपल्या पावसाळ्यात बाहेरची हवाच वाफेने भरलेली असल्याने ते बिघडते.

शिवाय तुंगारेश्वर किंवा टकमकच्या वाटेवर ओढे ओलांडावे लागतात. पाणी गुडघ्याला लागले की ते बुटाच्या तोंडातून आत येते, आणि जो पडदा पाणी बाहेर ठेवतो तोच ते आतही कोंडून ठेवतो. दिवसभर डबक्यात पाय ठेवून चालण्यासारखे हे आहे. त्यामुळे पावसाळ्यासाठी जाळीदार किंवा पातळ कापडाचा, पाणी झटकन निथळून जाईल असा बूट अधिक सोयीचा. हिवाळ्यात हिमालयात जायचे असेल तर वॉटरप्रूफ बुटाचा खर्च सार्थकी लागतो.

मग सर्वांत महत्त्वाचे काय?

तळ. सह्याद्रीचा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेला बेसॉल्ट. पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढते. सोबत लाल चिखल, आणि पाऊस थांबला की घसारा, म्हणजे उतारावरची सुटी माती-खडी. तळाला या तिन्हींशी सामना करावा लागतो.

तळाने जीव कसा वाचतो, याची गोष्ट इटलीची आहे. 1935 मध्ये आल्प्समधील पुंता रासिका शिखरावर खराब हवामानात सहा गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. त्यांची पादत्राणे अपुरी होती. त्यांचे सहकारी व्हिताले ब्रामानी यांनी त्यानंतर खोल खाचांचा रबरी तळ विकसित केला आणि 1937 मध्ये त्याचे पेटंट घेतले. तोच ‘व्हिब्रम’. 1954 मध्ये केटू शिखर सर्वप्रथम सर करणाऱ्या इटालियन मोहिमेने हेच तळ वापरले.

दुकानात तळ असा तपासावा. रबरावर नख दाबून पाहावे. प्लास्टिकसारखा कडक, गुळगुळीत तळ ओल्या कातळावर सरकतो; किंचित मऊ रबर पकडून ठेवते. खाचा खोल आणि एकमेकींपासून दूर असाव्यात, म्हणजे चिखल त्यात अडकून बसत नाही. टाचेची कड ठळक असावी. उतरताना तीच ब्रेकचे काम करते. मात्र शेवाळलेल्या कातळावर कोणताही तळ खात्रीचा नसतो.

घोटा झाकणारा बूट हवा का?

पाठीवर जड सॅक, अनोळखी वाट किंवा पूर्वी मुरगळलेला घोटा असेल तर घोट्यापर्यंतचा बूट घ्यावा. तो काटे, दगडांचे फटके आणि काही प्रमाणात सर्पदंशापासूनही वाचवतो. फुरसे आणि घोणस हे विषारी साप डोंगराळ, गवताळ भागात आढळतात आणि सर्पदंश बहुधा पायालाच होतो. तरी साध्या बुटातून दात शिरणारच नाही, याची हमी नाही. गवतात काठी आपटत चालणे आणि दगडाच्या फटीत न पाहता हात न घालणे, ही जास्त भरवशाची खबरदारी. तुंगारेश्वरसारख्या एका दिवसाच्या, मळलेल्या वाटेला आखूड बूटही पुरतो.

कारखान्यातले सेफ्टी शूज चालतील?

वालीव, सातिवली, गोखिवरे परिसरात अनेकांकडे ते असतात, म्हणून हा प्रश्न पडतो. हे बूट पडणाऱ्या वजनापासून बोटे वाचवण्यासाठी असतात. उतरताना पाय पुढे सरकतो आणि पोलादी टोपीवर बोटे आपटत राहतात. नख काळे पडायला एक ट्रेक पुरतो. सपाट रस्त्यावर ठीक, गडावर नको.

माप कसे घ्यावे?

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली आणि त्यावरून ‘भा’ ही भारतीय मापपद्धती सुचवली. भारतीयांचे पाय तुलनेने रुंद असल्याचे त्यात दिसले. परदेशी मापाचा बूट लांबीला बरोबर आणि चवड्याला घट्ट होतो तो यामुळेच. अनेक जण मग एक नंबर मोठा घेतात आणि टाच आत हलत राहते. त्याऐवजी रुंद साच्याचा बूट मागावा.

खरेदी संध्याकाळी करावी. दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकचेच मोजे घालून जावे. नाडी बांधून उतारावर किंवा जिन्यावरून उतरून पाहावे. बोटे पुढे टेकली किंवा टाच उचलली गेली तर तो बूट नको. ऑनलाइन घेतल्यास आधी घरातच वापरून पाहावा, म्हणजे परत करता येतो. नवा बूट थेट अशेरीगडावर किंवा कोहोजवर नेऊ नये. आधी आठवडाभर रोजच्या चालण्यात घालावा.

माळ्यावर ठेवलेल्या बुटांचे तळ का निघतात?

बऱ्याच बुटांच्या मधल्या थरात पॉलियुरेथेन असते. दमट हवेत त्याचे रेणू हळूहळू तुटतात. बूट न वापरताही आतून ठिसूळ होतो आणि वाटेत अचानक तळ सुटतो. किनाऱ्याजवळच्या वसईत हा धोका जास्तच. त्यामुळे जुना बूट नेण्याआधी वाकवून, टाच दाबून पाहावा. भेगा दिसल्या किंवा भुगा पडला तर तो बाद. बूट चांगला असेल आणि तळ फक्त चिकटवलेला असेल, तर मोच्याकडून कडेने शिलाई मारून घ्यावी. ट्रेकनंतर बूट धुऊन, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवावेत. चुलीजवळ किंवा कडक उन्हात गोंद सुटतो.

बुटांची मर्यादा कोणती?

वाहत्या पाण्याची. चिंचोटी धबधब्यावर बुडून मृत्यू झाल्याच्या घटनांमुळे पावसाळ्यात तेथे मनाई आदेश काढले जातात. गुडघ्याच्या वर चढलेला, गढूळ झालेला ओढा बूट पाहत नाही. तो ओलांडू नये. पाणी ओसरेपर्यंत थांबावे किंवा मागे फिरावे.

थोडक्यात, पावसाळी सह्याद्रीसाठी बुटाची पसंती या क्रमाने लावावी : आधी तळाची पकड, मग माप, मग वजन आणि पाण्याचा निचरा. उंची गरजेनुसार. ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘हंटिंग’ हे शब्द सर्वांत शेवटी.