ऑर्किड : अंगणात वाढवा, काढ्यात नको

आरोग्याच्या सदरात फुलझाडाचा विषय कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्याला दोन कारणे आहेत. शहरातल्या रोपवाटिकांतून ऑर्किडची रोपे आता आपल्याकडच्या घरांतही येऊ लागली आहेत. ती आणणारे मला विचारतात, "डॉक्टर, घरात दम्याचा माणूस आहे, हे झाड चालेल का? रात्री खोलीत ठेवावे का?" दुसरे कारण अधिक गंभीर आहे. मराठवाड्यात जुन्या आंब्यांवर, बाभळींवर वाढणारे एक ऑर्किड 'रास्ना' म्हणून ओरबाडले जाते आणि त्याचा काढा सांधेदुखीवर घेतला जातो. तलवाड्यात रुग्ण तपासताना हा प्रकार माझ्या कानावर येतो. म्हणून आज या वनस्पतीची नीट ओळख करून घेऊ.

बांडगूळ नव्हे, पाहुणा

जगात ऑर्किडच्या सुमारे 28 हजार जाती आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत भारतातील 1,256 जातींची नोंद आहे. महाराष्ट्रात शंभराहून अधिक जाती सापडतात, पण त्यांतील बहुतेक सह्याद्रीच्या दमट रानात. लांब तुऱ्याची 'सीतेची वेणी' तिकडचीच. आपल्या कोरड्या हवेत तग धरणारी जात म्हणजे वांडा टेसेलाटा. जाड, चिवट, पन्हळीसारखी पाने, झाडाच्या सालीला धरून असलेली जाड पांढरट मुळे, पिवळसर-तपकिरी पाकळ्यांवर चौकटीची नक्षी, मधली पाकळी निळसर-जांभळी आणि मंद सुगंध, ही तिची खूण.

'वांडा' हे नाव आपलेच आहे. झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीला संस्कृतात 'वन्दा' म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस सर विल्यम जोन्स यांनी ते नाव या ऑर्किडसाठी वापरले आणि पुढे तेच शास्त्रात रूढ झाले. या नावाबरोबर एक गैरसमजही चालत आला आहे. शेतकरी तिला बांडगूळ समजून खरडून टाकतात. बांडगूळ झाडाच्या खोडात मुळे घुसवून रस शोषते. वांडा तसे करत नाही. ती सालीला नुसती धरून बसते आणि पावसाचे पाणी, हवेतला ओलावा, सालीवर साचलेला पालापाचोळा व धूळ यांवर जगते. आंब्याचे ती काही खात नाही. मात्र आंबा तोडला की तिचे घर जाते. बांधावरची जुनी झाडे कमी झाली, तशी ही वनस्पतीही दुर्मिळ होत चालली आहे.

पुन्हा उगवून येणे तिला सोपे नसते. ऑर्किडच्या एका शेंगेत हजारो, काही जातींत लाखो बिया असतात. पण त्या धुळीसारख्या बारीक, आत अन्नाचा साठा नसलेल्या. रानात त्या रुजायच्या तर विशिष्ट बुरशीची सोबत लागते. 1922 मध्ये अमेरिकेतील लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या पोषक माध्यमावर बुरशीशिवाय त्या रुजवून दाखवल्या. 1960 मध्ये फ्रान्सचे जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकापासून अनेक रोपे तयार करण्याची रीत दाखवली. आज रोपवाटिकेत मिळणारी ऑर्किड बहुधा अशा प्रयोगशाळेतून आलेली असतात. ती विकत घ्यावीत, रानातली उपटू नयेत.

'रास्ना' नेमकी कोणती?

आयुर्वेदात रास्ना हे वातविकारांवरचे महत्त्वाचे औषध. महारास्नादि काढा घरोघरी माहीत आहे. पण रास्ना या एका नावाखाली देशात निरनिराळ्या वनस्पती वापरात आहेत. बंगालमध्ये वांडाची मुळे, दक्षिणेत कुलिंजनाचे कंद, तर उत्तरेत प्लुचिया लॅन्सिओलाटा नावाच्या झुडपाची पाने. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाने रास्ना म्हणून या प्लुचियाच्या पानांना मान्यता दिली आहे. म्हणजे झाडावरून वांडा ओरबाडून आणणारा माणूस औषधिकोशातली रास्ना घेतच नसतो. त्याला मात्रा माहीत नसते आणि मुळाबरोबर कोणती बुरशी, कोणते फवारे पोटात गेले हेही कळत नाही.

दुर्मिळ वनस्पतीचे काय करावे, याचे शहाणपण आपल्या जुन्या ग्रंथांतच आहे. च्यवनप्राशात पडणाऱ्या अष्टवर्गातील जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी या चार वनस्पती हिमालयातील ऑर्किड मानल्या जातात. सोळाव्या शतकातील भावप्रकाश हा ग्रंथ सांगतो की, अष्टवर्ग राजांनाही मिळणे कठीण. म्हणून त्याने पर्यायही दिले: जीवक-ऋषभकाऐवजी विदारीकंद, ऋद्धी-वृद्धीऐवजी वाराहीकंद. दुकानात मिळणारी सालम मिश्री म्हणजेही ऑर्किडचे वाळवलेले कंद. एक किलो सालमसाठी हजाराहून अधिक कंद खणावे लागतात आणि एका रोपाला कंद दोनच.

सांधेदुखीच्या रुग्णांना माझे कळकळीचे सांगणे आहे. सकाळी उठल्यावर सांधे तासाहून अधिक काळ आखडत असतील, दोन्ही हातांची बोटे सुजत असतील, सोबत ताप किंवा अशक्तपणा असेल, तर तो आमवात असू शकतो. त्यावर सुरुवातीच्या महिन्यांत योग्य उपचार झाले तर सांधे वाकडे होणे बरेचसे टाळता येते. हेच महिने घरच्या काढ्यावर घालवले, तर झालेली हानी भरून येत नाही. आयुर्वेदिक औषध घ्यायचे असेल तर ते जाणत्या वैद्यांकडून घ्या आणि चालू असलेली औषधे मनाने बंद करू नका.

घरात कसे वाढवावे?

ऑर्किड बहुधा पाण्यावाचून मरत नाही, ते जास्त पाण्याने मरते. झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडच्या मुळांवर स्पंजासारखे आवरण असते. ते पाणी टिपून घेते, पण त्याला मोकळी हवाही तेवढीच हवी. म्हणून या ऑर्किडना काळी माती अजिबात वापरू नये. भोके पाडलेल्या मडक्यात लाकडी कोळसा, खापराचे तुकडे आणि थोडी नारळाची शेंडी घालून रोप बसवावे.

पाणी केव्हा द्यायचे हे मुळेच सांगतात. कोरडी मुळे चंदेरी-पांढरी दिसतात, भिजली की हिरवी होतात. पांढरी दिसली तर पाणी द्या, हिरवी असतील तर थांबा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 40 अंशांच्या वर जातो, तेव्हा सकाळी रोज शिंपडावे लागेल. पावसाळ्यात कित्येक दिवस लागणार नाही. पाणी सकाळीच द्यावे आणि पानांच्या बेचक्यात ते साचू देऊ नये, कोंब कुजतो. बोअरचे क्षाराचे पाणी मुळांवर पांढरा थर धरते. शक्य तर पावसाचे पाणी साठवून तेच वापरावे. टंचाईच्या दिवसांतही एका रोपाला पेलाभर पाणी पुरते.

जागा निवडताना सकाळचे कोवळे ऊन, दुपारी सावली आणि खेळती हवा पाहावी. माळवदाच्या घराची पडवी, पाण्याच्या रांजणाजवळचा गारवा, अंगणातल्या आंब्याची सावली या उत्तम जागा. ठिबकातून पिकाला देतो ते 19:19:19 खत लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा फवारले तरी भरपूर झाले.

वादळात आंब्याची फांदी मोडली किंवा तुमच्या शेतातले झाड तोडावेच लागले आणि त्यावर वांडा असेल, तर तिला जाळात घालू नका. साल न सोलता, मुळे न तोडता जमेल तेवढी सालीसकट काढा आणि काथ्याने अंगणातल्या झाडाला पूर्वेच्या बाजूने बांधा. पावसाळ्याच्या तोंडावर बांधल्यास काही महिन्यांत नवी मुळे साल धरतात.

घरच्यांच्या प्रकृतीसाठी

आता दम्याचा प्रश्न. गाजर गवताचे पराग वाऱ्यावर उडतात आणि शिंका, खाज, दमा वाढवतात. ऑर्किडचे पराग चिकट गोळ्यांच्या रूपात असतात. ते कीटकाच्या अंगाला चिकटून जातात, वाऱ्यावर उडत नाहीत. तेव्हा परागांची भीती नाही. उग्र वासाने कुणाला त्रास होत असेल तर झाड बाहेर ठेवावे आणि कुंडीतली शेंडी बुरसली तर ती लगेच बदलावी.

रात्री झाड खोलीत ठेवल्याने प्राणवायू कमी पडतो, ही भीतीही सोडावी. वांडासारखी जाड पानांची ऑर्किड तर रात्रीच कर्बवायू आत घेतात. पण म्हणून एका कुंडीने खोलीची हवा शुद्ध होते, असेही मानू नये. त्यासाठी खिडकी उघडणेच खरे.

खरा धोका कुंडीखालच्या ताटलीत असतो. ओलावा राहावा म्हणून तिच्यात पाणी ठेवतात. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास बाहेर पडतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. म्हणून नुसते पाणी ओतून चालत नाही, ताटली घासलीच पाहिजे. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, त्याच दिवशी ताटली आणि रांजणही घासा.

दुसरा धोका फवाऱ्याचा. पिठ्या ढेकूण दिसला की काहीजण कपाशीवरचे उरलेले औषध घरात मारतात. असे कधीही करू नये. साबणाच्या पाण्याने किंवा स्पिरिटच्या बोळ्याने पुसले तरी तो जातो. कीटकनाशक पोटात किंवा अंगावर जाऊन घाम, लाळ, उलटी, बारीक झालेल्या बाहुल्या ही लक्षणे दिसली, तर कपडे काढून अंग साबणाने धुवा. उलटी करवू नका. औषधाची बाटली सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा.

तिसरी गोष्ट, कुंडीत भरायचे शेवाळ किंवा जुनी शेंडी हाताळताना हातमोजे घाला. बोटाला जखम असेल तर त्यातली एक बुरशी कातडीत शिरून न भरणाऱ्या गाठी उठवू शकते.

थोडक्यात लक्षात ठेवा

1. माती नको, कोळसा-खापर-शेंडी वापरा.
2. मुळे पांढरी दिसली तरच पाणी द्या.
3. ताटली आठवड्याला घासून कोरडी करा.
4. रोप रोपवाटिकेतून घ्या, झाडावरचे ओरबाडू नका.
5. सुजलेल्या सांध्यांसाठी आधी तपासणी करा.

बांधावरच्या आंब्यावर वांडा दिसली तर पोराबाळांना ती जरूर दाखवा, तिचे नाव सांगा आणि तिला तिथेच राहू द्या.