हातांचे दफ्तर

आपला भूतकाळ जतन करण्यासाठी पुणे शहराने जेवढी खटपट केली तेवढी महाराष्ट्रातील दुसऱ्या शहरांनी क्वचितच केली असेल. पेशवे दफ्तरातील मोडी कागदांचे रुमाल येथे आहेत. इतिहासाचार्य राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ येथे आहे. आणि दिनकर गंगाधर केळकर यांनी गावोगाव हिंडून, पदरमोड करून जमविलेले अडकित्ते, दिवे, कुलपे, दौती आणि भांडीकुंडी ज्यात नांदत आहेत ते, त्यांच्या दिवंगत पुत्राच्या नावाचे वस्तुसंग्रहालयही येथेच आहे. कागद राहिले, वस्तू राहिल्या. परंतु त्या संग्रहालयातील एखाद्या तांब्याच्या भांड्यापुढे उभे राहिले, की ज्या हातांनी ते घडविले ते हात कसे चालत असतील, हातोडी किती उंच उचलली जात असेल, कारागीर मांडी घालून बसत असेल की उकिडवा, आणि त्याच्या कामावर उजेड कोणत्या बाजूने पडत असेल, हे प्रश्न मनात उठतात आणि भांडे त्यांतील एकाचेही उत्तर देत नाही. हातांचे दफ्तर कोणी ठेवले नाही. ते ठेवण्याचे काम हौशी छायाचित्रकाराचे आहे, कारण त्याला कोणी मालक नाही, मुदत नाही आणि विकाऊ चित्रच आणले पाहिजे अशी अट नाही. याच समजुतीने गेली अनेक वर्षे सुटीच्या सकाळी मी कॅमेरा घेऊन कसबा पेठेत जात आलो आहे.

कसबा पेठेतील तांबट आळी हे या कामाचे माझे मुख्य ठाणे. पेशवाईच्या आश्रयाने येथे वसलेल्या त्वष्टा कासारांची ही आळी. बंब, घंगाळे, हंडे, कळशा, तपेली यांची घडण येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पुढे स्टेनलेस स्टीलची भांडी स्वयंपाकघरांत शिरली, न्हाणीघरात गॅसचा आणि विजेचा बंब आला, आणि तांब्याच्या हंड्या-घंगाळांचे गिऱ्हाईक ओसरले. तरीही आळी मुकी झालेली नाही. गणपतीच्या देवळाकडून आत वळले की दोन घरे ओलांडण्यापूर्वीच ठोक्यांचा नाद कानी येऊ लागतो, आणि थोडे थांबून ऐकले तर त्या एकसारख्या भासणाऱ्या नादात तीनचार निरनिराळे आवाज वेगळे करता येतात: पत्र्याला खोलगटपणा देणाऱ्या लाकडी मोगरीचा बोदा आवाज, काठ वळविणाऱ्या हातोडीचा आखूड आवाज, आणि या सर्वांवर तरंगणारा मठारकामाचा स्वच्छ, खणखणीत ठोका.

मठारकाम ही या आळीची खरी दौलत. भांडे आकाराला आले, भट्टीत तापवून नरम झाले, आंबटात बुडवून आणि घासून त्याचा काळिमा गेला, म्हणजे ते खरवईवर, म्हणजे लाकडी ठोकळ्यात घट्ट बसविलेल्या लोखंडी दांड्यावर, चढविले जाते आणि बाहेरून त्याच्या सर्वांगावर हातोडीचे ठोके एकास एक लागून ओळीने घातले जातात. प्रत्येक ठोक्याने एक लहानशी गोल, चकचकीत टिकली उठते. अशा टिकल्यांच्या ओळींनी भांडे भरले की त्याला जी झळाळी येते ती पॉलिशने येत नाही. ही नुसती शोभाही नव्हे. ठोक्याने तांबे दाबले जाऊन कडक होते, आणि एरवी बोटाने चेपला जाईल असा पत्रा रोजच्या वापरास टिकेल इतका ताठ होतो. ज्या हातोडीने हे काम होते तिचे तोंड आरशासारखे घोटलेले असते, कारण त्या तोंडावर बारीकसा ओरखडा असला तरी तो प्रत्येक ठोक्याबरोबर भांड्यावर उमटत जातो. म्हणूनच ही हातोडी दुसऱ्या कामाला कोणी हात लावून नेलेली कारागिराला खपत नाही. काम संपले की ती पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवलेली मी पाहिली आहे.

या कामाचे छायाचित्र घ्यावयाचे तर प्रथम काही काळ कॅमेरा पिशवीतच ठेवून नुसते बसावे लागते. आळीत नवख्या माणसाचे स्वागत अगत्याने होते. “या, बसा, फोटो कुठं पळून जात नाही,” असे म्हणून एका वृद्ध कारागिरांनी मला पोत्याची घडी बसावयास दिली, आणि काम न थांबविता बोलत राहिले. मी विचारले, “काका, पत्रा पुन्हा तापवायची वेळ झाली हे कसं कळतं?” ते म्हणाले, “आवाज चढतो. पत्रा कडक झाला की हातोडी उडायला लागते. मग भट्टी.” त्यानंतर डोळ्यांच्या बरोबरीने कानही कामाला लावण्याची सवय मला जडली. ठोक्याचा आवाज चढू लागला म्हणजे लवकरच कारागीर उठणार, भांडे भट्टीकडे जाणार, तांब्यावर निखाऱ्याची लाल छाया पडणार, हे आधीच उमजते, आणि जागा धरून तयार राहता येते. कामाचा क्रम ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती येणारे चित्र हे योगायोगाचे असते; ते सुंदर असेल, पण त्याची साक्ष काढता येत नाही.

बसून पाहता पाहता जी गोष्ट सर्वांत उशिरा दिसते ती सर्वांत महत्त्वाची असते. पाहणाऱ्याची नजर स्वाभाविकपणे उजव्या हाताकडे जाते, कारण हातोडी तेथे असते, आवाज तेथून येतो आणि हालचालही त्याच हाताची दिसते. वास्तविक मठारताना उजवा हात जवळजवळ एकाच जागी वर-खाली होत असतो. ठोका ज्या बिंदूवर पडावयाचा तो खरवईच्या टोकाशी ठरून गेलेला असतो. फिरते ते भांडे, आणि त्याला फिरवितो तो डावा हात. दोन ठोक्यांच्या मधल्या अवकाशात डाव्या हाताची बोटे भांड्याला एका टिकलीच्या रुंदीइतके, त्याहून अधिकही नव्हे आणि उणेही नव्हे, पुढे सरकवितात, आणि ठोका पडण्याच्या निमिषात पुन्हा स्थिर होतात. बोटे जरा अधिक सरकली तर दोन टिकल्यांत फट राहते, उणी सरकली तर टिकलीवर टिकली चढून पत्रा तेथे पातळ होतो. ओळीचा सरळपणा, टिकल्यांची समानता, भांड्याचे सर्व रूप डाव्या हाताच्या या अबोल हिशेबावर अवलंबून असते. मोठा बंब असला की हे फिरविणे एका हाताने साधत नाही. अशा वेळी गुडघ्याचा आणि तळपायाचा आधार दिला जातो, आणि कारागिराचा सारा देह त्या भांड्याभोवती वळतो.

हे एकदा ध्यानी आले म्हणजे शटरचा वेग किती ठेवावा या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधावे लागत नाही. कारखाना काळोखा असतो. धुराने काळवंडलेल्या भिंती उजेड पिऊन टाकतात, आणि दारातून किंवा एखाद्या झरोक्यातून येईल तेवढ्यावर भागवावे लागते. चारशे वेगाची फिल्म आणि पूर्ण उघडलेले भिंग घेऊनही सेकंदाच्या तिसाव्या किंवा पंधराव्या भागापेक्षा वेगाने शटर चालविणे बहुधा शक्य नसते. हातोडी माथ्यावर पोहोचून खाली वळण्यापूर्वी जो क्षणभर थबकते तो क्षण साधला तर तिसाव्या भागातही ती स्पष्ट उमटते, आणि पुष्कळांना तेच चित्र आवडते: उंचावलेला हात, ताणलेला दंड, जणू पुतळाच. मला मात्र पंधराव्या भागात, ठोका पडत असतानाचे चित्र अधिक खरे वाटते. त्यात उजवा हात आणि हातोडी यांचा एक धूसर पट्टा होतो, आणि त्याच्या खाली, भांड्यावर विसावलेली डाव्या हाताची पाच बोटे, त्यांवरच्या चिरा आणि नखांतील काळे यांसह, लख्ख उमटतात. जो हात कौशल्याचा आहे तोच चित्रात स्थिर दिसतो. कॅमेऱ्याच्या असमर्थतेतून कामाचे सत्य इतक्या चोखपणे बाहेर पडावे, याचा आनंद मला अजूनही प्रत्येक वेळी नव्याने होतो.

फ्लॅश मी या आळीत कधी वापरला नाही. त्याच्या प्रकाशात प्रत्येक टिकली वेगवेगळी चमकते आणि भांड्याच्या घाटाचा विध्वंस होतो. शिवाय लयीत चाललेल्या हातोडीपुढे अकस्मात वीज चमकविणे हा कारागिराच्या बोटांशी खेळ आहे. दुसरी अडचण प्रकाशमापकाची. तांब्यावरून परावर्तित होणारा उजेड त्याला फसवितो आणि माणूस काळा होतो. म्हणून माप भांड्याचे न घेता कारागिराच्या मनगटाजवळ घ्यावे. असे केले म्हणजे एक अपूर्व दृश्य हाती लागते: नव्या मठारलेल्या भांड्यावरून उसळलेला प्रकाश खालून वर, कारागिराच्या हनुवटीवर आणि कपाळावर पडलेला दिसतो. स्वतःच्या कामाच्या उजेडात बसलेला माणूस मी अन्यत्र फारसा पाहिलेला नाही.

छायाचित्रणविद्येचा आपल्याकडील आरंभकाळ पाहिला तर हौशी मंडळी आणि कष्टकरी माणूस यांची गाठ फार लवकर पडलेली दिसते. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कारभारात होते. पुढे दोनच वर्षांनी विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी हौशी छायाचित्रकारांच्या नावाने एक चित्रमालिका काढली, आणि जॉन्सनने १८६३ व १८६६ साली मुंबईच्या रहिवाशांचे दोन सचित्र खंड प्रसिद्ध केले. त्या खंडांतील माणसे पाहताना मन अस्वस्थ होते. त्यांना एका ठिकाणी उभे करून टिपले, नंतर त्यांच्या आकृती वेगळ्या काढून मुंबईतील देखाव्यांच्या निराळ्या छायाचित्रांवर बसविल्या, आणि खाली त्यांच्या जातीची नावे घातली. त्या काळच्या ओल्या काचेवर चित्र उमटावयास माणसाने सेकंदानुसेकंद निश्चल राहावे लागे, तेव्हा चालते काम टिपणे अशक्यप्राय होते, हे मला मान्य आहे, आणि त्या चित्रांचे ऐतिहासिक मोलही मी नाकारीत नाही. परंतु माणसाला त्याच्या जागेपासून आणि त्याच्या हत्यारापासून तोडले म्हणजे जे उरते तो नमुना असतो, माणूस नव्हे. ओल्या काचेची सबब आता राहिलेली नाही. म्हणून ती रीतही राहता कामा नये.

तांबट आळीपुरताच हा उद्योग नाही. बुरूड आळीत एकाच पात्याखाली बांबू उभा चिरत जातो आणि त्याच्या कांब्यांतून सूप, परडी, रोवळी उभी राहते. तेथे बायका कांब्या पायाच्या अंगठ्यात धरून विणतात, आणि त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर यावयाचे तर छायाचित्रकाराने जमिनीवर बसलेच पाहिजे. मंडईत पहाटे पाटीवाले आणि हमाल यांची लगबग असते, पण तेथे गर्दीत कोणाचे काम अडणार नाही अशी जागा मिळविण्यातच सकाळ सरते. त्याविषयी कधीतरी स्वतंत्र लिहावे लागेल.

घरी आल्यावरचे काम कमी नसते. चैत्र-वैशाखात नळाचे पाणी तीस अंशांच्या घरात असते, आणि फिल्म धुण्याचे रसायन वीस अंशांवर आणण्यासाठी बर्फाच्या भांड्यात ठेवावे लागते. त्यानंतर हायपो, त्यानंतर वाहत्या पाण्यातले दीर्घ प्रक्षालन. तथापि या सर्वांहून अधिक जिकिरीचे आणि अधिक मोलाचे काम लेखणीचे. प्रत्येक प्रतीच्या पाठीवर मी पेन्सिलीने तारीख, पेठ, चाललेले काम, हत्याराचे कारागिराच्या तोंडचे नाव, आणि त्याची संमती असेल तर त्याचे नाव, एवढे लिहितो. “बंबाचा तळ मठारताना, सकाळची वेळ, उजेड पूर्वेच्या दारातून,” असे एक वाक्य त्या चित्राला पुढच्या पिढीत जेवढे बोलके करील तेवढे माझे कोणतेही कसब करणार नाही.

एकदा काही प्रती घेऊन मी त्या वृद्ध कारागिरांकडे गेलो. त्यांच्या सूनबाईंनी घरातला अल्बम आणून दाखविला. त्यात मुंजी होत्या, लग्ने होती, बारशी होती, आळंदीची यात्रा होती. ज्या कामावर त्या घराच्या कित्येक पिढ्या जगल्या त्या कामाचे एकही चित्र नव्हते. काकांनी माझ्या हातची प्रत दारापाशी, उजेडात नेली, पुष्कळ वेळ पाहिली, आणि डाव्या हातावर बोट ठेवून नातवाला म्हणाले, “हे बघ, बोटं अशी ठेवायची.” मग सूनबाईंनी अल्बममधले पहिले पान मोकळे केले.

पुण्यात आणि पुण्याबाहेरही कॅमेरा आज घरोघर आहे. वाचकांना माझी एवढीच विनंती आहे, की आपल्या आळीत लोहार, शिंपी, कल्हईवाला, बुरूड, गवंडी, जो कोणी अद्याप हाताने काम करीत असेल त्याच्यापाशी परवानगी मागून बसावे, काम समजून घ्यावे, मग चित्र घ्यावे. त्याच्या मागे तारीख, ठिकाण आणि हत्याराचे नाव लिहावे. आणि पहिली प्रत त्याच्या घरी नेऊन द्यावी.