टँकर गेल्यानंतर

चहूबाजूंनी समुद्र असलेल्या, मालदीवच्या माले शहरावर डिसेंबर 2014 मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी रांगा लावायची वेळ आली. खारे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली, नळ बंद पडले आणि भारताने विमानांतून, जहाजांतून पाणी धाडले. 2004 च्या त्सुनामीने मालदीवच्या विहिरी खारट केल्या, तेव्हा मात्र मदत संस्थांनी पावसाचे पाणी साठवायच्या टाक्याही घरोघरी दिल्या होत्या. पाठवलेले पाणी पिऊन संपले. टाक्या पुढच्या पावसाळ्यांतही उपयोगी पडल्या. दुष्काळी मदतीकडे आपण जालन्यात याच नजरेने पाहायला हवे.

2012-13 च्या दुष्काळात घाणेवाडी तलाव आटला आणि जालना शहराची सारी आशा जायकवाडीच्या जलवाहिनीवर एकवटली. खेड्यांत टँकर यायचा, पाइप विहिरीत सोडायचा आणि पाणी तळाला टेकते न टेकते तोच काठावरून पोहरे सुटायचे. गाळ ढवळून निघालेले ते पाणी निवळायलाही सवड मिळत नसे. माणसे यावर तगली, हे मान्यच. मोसंबी नाही तगली. हे झाड फळावर यायला चार-पाच वर्षे लागतात. बाग वाळली की शेतकऱ्याची तेवढी वर्षे वाळतात, आणि टँकरच्या खेपांच्या नोंदीत हे नुकसान कुठेच येत नाही.

महाराष्ट्राला दुसरी वाट ठाऊक नव्हती असे नाही. 1972 च्या दुष्काळात लाखो हातांनी पाझर तलाव आणि बांध उभे केले, त्याच अनुभवातून रोजगार हमीचा 1977 चा कायदा झाला. जालना तालुक्यातल्या कडवंचीत 1996 पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने, माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांध, सांडवे झाले. 2012 च्या दुष्काळातही तिथल्या द्राक्षबागा उभ्या होत्या.

यावर पहिला आक्षेप असा, की घसा कोरडा पडलेल्याला चर खणायला सांगणे क्रूरपणा आहे. खरे आहे; टँकर आलाच पाहिजे, तोही वेळेवर. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इथला काळा पाषाण पाणी फार धरत नाही आणि ओळीने पाऊस हुकला तर पाणलोटही हात टेकतो. शिवाय विहिरीतून उपसून प्लास्टिकच्या शेततळ्यात साठवलेले पाणी एकाचे होते आणि शेजाऱ्याची विहीर खाली जाते. माझ्या मते हा आक्षेप पाणलोटाला नव्हे, बेहिशेबी उपशाला लागू होतो. घाणेवाडीचा गाळ नागरिकांच्या पुढाकाराने निघाला आणि शेतकऱ्यांनी तो शेतात नेला. अशा कामाने साठा वाढतो आणि तो सगळ्यांचा राहतो. म्हणून टँकर लागलेल्या प्रत्येक गावाच्या नोंदवहीत खेपांशेजारी आणखी दोन रकाने हवेत: इथली विहीर का आटली, आणि पावसाळ्यापूर्वी तिच्यासाठी कोणते काम पुरे झाले. दुसरा रकाना कोरा असेल, तर पुढच्या उन्हाळ्यात टँकर मंजूर करताना प्रशासनाने आधी त्याचाच जाब विचारावा.