गुडघा वाजतो म्हणून बैठका सोडायच्या का?

मागच्या दिवाळीत रावेरला घरी गेलो, तेव्हा कळलं की मावसभावाने बैठका बंद केल्या आहेत. पठ्ठ्या पोलीस भरतीची तयारी करतोय. १६०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं, गोळाफेक, या तिन्हीला पायात जोर लागतो आणि याने पायांचाच व्यायाम सोडलेला. कारण विचारलं तर म्हणाला, "दादा, खाली बसताना उजवा गुडघा कटकट वाजतो. तालमीतले म्हणतात, वंगण संपलं. आता ताण दिला तर चाळिशीतच काठी घ्यावी लागेल."

"दुखतो का?"

"नाही, नुसता वाजतो. दुखतो तो डावा, जिना उतरताना. पण तो वाजत नाही, म्हणून त्याचं काही टेन्शन नाही."

तेव्हा मी हसलो, पण हे वाक्य डोक्यातून जाईना. भावाने नकळत एक गृहीतक धरलं होतं: आवाज म्हणजे झीज. त्यामुळे तो न दुखणाऱ्या गुडघ्याला जपत होता आणि दुखणाऱ्याकडे दुर्लक्ष करत होता. पेट किंवा नेट-सेटची तयारी करणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं. मोजायचं एक असतं आणि आपण मोजतो दुसरंच, ही चूक मोठमोठ्या प्रबंधांतही होते. (मी संशोधक विद्यार्थी आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो.)

आवाज येतो तरी कुठून?

सांध्यांचे आवाज ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात.

पहिला, बोटं मोडताना येणारा 'कट्'. सांध्यात सायनोव्हियल नावाचा घट्टसर द्रव असतो. हाडं झटकन एकमेकांपासून दूर झाली की आतला दाब कमी होतो आणि द्रवात विरघळलेल्या वायूची पोकळी तयार होते. या आवाजाची खूण म्हणजे तो लगेच पुन्हा काढता येत नाही. साधारण २० मिनिटं थांबावं लागतं.

दुसरा, 'टक्'. स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, म्हणजे कंडरा, हाडाच्या उंचवट्यावरून सटकते तेव्हा तो येतो. खुब्यात आणि खांद्यात हा जास्त. तो पुन्हा पुन्हा आणि बहुधा त्याच कोनात येतो.

तिसरी, करकर. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर सरकताना ती वाटीवर हात ठेवला की तळव्याला जाणवते. कूर्चा झिजलेल्या गुडघ्यात ती असते, पण ठणठणीत तरुण गुडघ्यातही सापडते. गोंधळ होतो तो इथेच.

आता भावाकडे बघा. त्याचा गुडघा सलग प्रत्येक बैठकीला वाजतो. म्हणजे २० मिनिटांच्या नियमाने पहिला प्रकार बाद झाला. एका साध्या निरीक्षणाने एक शक्यता खोडता आली. याला काही यंत्र लागलं नाही.

एका 'कट्'साठी सत्तर वर्षं

बोट मोडण्याच्या आवाजावर शास्त्रज्ञ किती भांडले असतील? १९४७ मध्ये लंडनच्या रोस्टन आणि हेन्स यांनी बोटाचा सांधा ताणत एक्स-रे घेतले आणि आवाजाचा संबंध पोकळी तयार होण्याशी लावला. १९७१ मध्ये लीड्सच्या अन्सवर्थ, डॉसन आणि राइट यांनी म्हटलं, तसं नाही, बुडबुडा फुटतो तेव्हा आवाज येतो. पुढची चार दशकं बहुतेक ठिकाणी हेच सांगितलं गेलं.

२०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या ग्रेगरी कॉचक यांच्या गटाने एमआरआय यंत्रात बोट ओढून सांध्याचं चलचित्रच घेतलं. पोकळी तयार होताना आवाज आला आणि आवाजानंतरही पोकळी तिथेच दिसत होती. फुटली असती तर दिसली कशी असती? मग २०१८ मध्ये चंद्रन सुजा आणि बराकत यांनी गणिती प्रतिमान मांडलं: बुडबुडा पूर्ण फुटायची गरजच नाही, थोडासा आकसला तरी एवढा आवाज येऊ शकतो आणि उरलेला बुडबुडा चित्रात दिसू शकतो.

यातली गंमत लक्षात घ्या. २०१५ च्या त्या अभ्यासात माणूस होता फक्त एक, त्याच्या बोटांचे दहा सांधे तपासले. तरीही अभ्यास महत्त्वाचा ठरला, कारण प्रश्न 'हे घडतं कसं?' असा होता. 'याने अपाय होतो का?' हा प्रश्न असता, तर तोच नमुना कुचकामी ठरला असता. नमुना किती मोठा हवा, हे आधी प्रश्नाला विचारायचं असतं.

अपाय होतो का?

अमेरिकेतल्या डोनाल्ड उंगर या डॉक्टरांनी ५० वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजवा हात तुलनेसाठी ठेवला. दोन्ही हातांत संधिवात नाही, असं त्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यासाठी २००९ मध्ये त्यांना इग नोबेल हा गमतीचा पुरस्कारही मिळाला. चिकाटीला सलाम, पण एका माणसावरून साऱ्या जगाबद्दल काही म्हणता येत नाही.

१९९० च्या एका अभ्यासात ४५ वर्षांवरचे ३०० जण तपासले, त्यांतल्या ७४ जणांना बोटं मोडायची सवय होती. संधिवात जास्त आढळला नाही, पण हाताची सूज जास्त आणि मुठीची पकड कमी आढळली. २०११ मध्ये २१५ जणांचे हाताचे एक्स-रे तपासले. बोटं मोडणाऱ्यांपैकी १८.१ टक्के आणि न मोडणाऱ्यांपैकी २१.५ टक्के लोकांना हाताचा ऑस्टिओआर्थ्रायटिस होता, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही. हे दोन्ही अभ्यास एका वेळी काढलेल्या फोटोसारखे आहेत. पकड बोटं मोडल्यामुळे कमी झाली, की हात अवघडतो म्हणून माणूस बोटं मोडतो, हे अशा फोटोवरून ठरत नाही.

आणि बोट म्हणजे गुडघा नव्हे. गुडघ्याबद्दल २०१८ मध्ये छापलेल्या एका अमेरिकी अभ्यासात ३,४९५ लोकांना गुडघा किती वेळा वाजतो ते विचारून पुढे काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांचा गुडघा जास्त वेळा वाजायचा, त्यांच्यात पुढे दुखणारा ऑस्टिओआर्थ्रायटिस जास्त दिसला. म्हणजे तालमीतले बरोबर? थांबा. या लोकांचं सरासरी वय ६१ होतं आणि नव्याने दुखणं सुरू झालेल्या बऱ्याच जणांच्या एक्स-रेमध्ये झीज आधीपासूनच दिसत होती. हा निष्कर्ष विशीतल्या, न दुखणाऱ्या गुडघ्याला जसाच्या तसा लावता येत नाही. उलट, वाटीभोवती दुखणाऱ्या स्त्रियांवरच्या २०१८ च्याच दुसऱ्या एका अभ्यासात करकर जास्त जणींत होती, पण वेदना किती आणि हालचाल किती, याच्याशी तिचा संबंध सापडला नाही.

इंग्लंडमध्ये २०१७ साली असे गुडघे असलेल्या मोजक्याच लोकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या गेल्या. आवाज म्हणजे म्हातारपण, झीज, अशी भीती त्यांच्यात दिसली आणि आवाज येऊ नये म्हणून ते हालचालच टाळत होते. वाचताना मला आमची तालीमच आठवली. आवाजापेक्षा आवाजाच्या अर्थाने माणसाला जास्त घरी बसवलं होतं.

हाच अभ्यास रावेरात केला तर?

आपल्याकडे केळी कापणारे मजूर वीस-पंचवीस किलोचा घड घेऊन ओल्या बागेतून बांधावरच्या गाडीपर्यंत दिवसभर फेऱ्या मारतात. समजा तुम्ही प्रस्ताव लिहिला: 'वजन वाहणाऱ्यांचे गुडघे जास्त वाजतात का?' आज कामावर असलेल्या शंभर मजुरांना विचारलं आणि दुखणं कमीच आढळलं, तर काय म्हणाल? वजन उचलणं चांगलं? पण ज्यांचे गुडघे खरंच गेले, ते काम सोडून घरी बसले असतील. ते तुमच्या नमुन्यात आलेच नाहीत. म्हणून काम सोडलेल्यांनाही शोधावं लागेल, त्याच वयाचे वजन न वाहणारे लोक तुलनेला घ्यावे लागतील आणि आवाज व वेदना यांची नोंद वेगवेगळ्या रकान्यांत करावी लागेल.

भावाचं काय झालं

आम्ही तेच केलं, एका वहीत. चौदा दिवस, प्रत्येक गुडघ्यासाठी दोन रकाने: आवाज आला का, आणि ० ते १० मध्ये वेदना किती. उजव्यात आवाज रोज, वेदना रोज शून्य. डाव्यात आवाज एकदाही नाही, पण डांबरी रस्त्यावर लांब धावल्यावर आणि पूर्ण खाली बसल्यावर वेदना चार-पाचपर्यंत.

मग त्याने बैठका पुन्हा सुरू केल्या, पण खुर्चीच्या उंचीपर्यंतच, सावकाश खाली जात आणि कमी संख्येने. धावणं कमी करून मैदानाच्या मातीवर नेलं. नियम एकच: व्यायामात वेदना तीनच्या आत आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निवळलेली असेल तरच पुढच्या आठवड्यात थोडं वाढवायचं, नाहीतर एक पाऊल मागे. सूज येणं, गुडघा मध्येच अडकणं, पाय अचानक लचकून सुटणं, किंवा दुखापतीच्या क्षणी मोठा आवाज होऊन कळ येणं, यातलं काहीही झालं तर वही बाजूला ठेवून थेट अस्थिरोगतज्ज्ञाकडे जायचं, हेही पहिल्याच पानावर लिहून ठेवलं.

दोन महिन्यांत डावा गुडघा जिन्यावर दुखायचा थांबला. उजवा अजून वाजतो. वेदना बैठकांमुळे कमी झाली, की धावणं कमी केल्याने, की नुसत्या वेळेने, हे आमची वही सांगू शकत नाही, कारण आम्ही तिन्ही गोष्टी एकाच वेळी बदलल्या. मार्गदर्शकांना दाखवली असती तर त्यांनी पहिला शेरा हाच मारला असता.

तुमच्या घरातलंही असं एखादं पक्कं विधान घ्या आणि कागदावर चार ओळी लिहा: यात नेमकं काय मोजायचं, कोणाशी तुलना करायची, नमुन्यातून कोण सुटतंय, आणि काय दिसलं तर मी माझं मत बदलेन. चौथी ओळ लिहिता आली नाही, तर तो विषय प्रस्तावाला अजून तयार नाही असं समजा.