माळ्यावरची काठी

यंदाच्या हळदीकुंकवाला मागच्या गल्लीतल्या वहिनी आल्या, वाण घेतलं आणि लगेच उठल्या. "लेक एकटीच आहे हो, बाहेरून कडी लावून आलेय." लेक सतरा वर्षांची, जन्मापासून दिसत नाही. मला चटका बसला तो माझ्यामुळेच. महिला मंडळाची शिबिरं भरवणारी मी, दरवर्षी "वहिनी, तुम्ही या हं" एवढंच म्हणत आले. "दोघी या" असं एकदाही तोंडातून निघालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेले. पोरगी हुशार, रेडिओवरच्या बातम्या तोंडपाठ. आठवीपर्यंत अंधशाळेच्या वसतिगृहात होती, ब्रेल वाचते. वयात आली तशी आजीनं घरी आणवलं. थोरलीला बघायला पाहुणे आले की हिची रवानगी आतल्या खोलीत. खाण्यापिण्याची ददात नाही, पण पाण्याचा पेलाही हातात आणून द्यायचा. भाजेल, पडेल, कापेल! शाळेतली पांढरी काठी विचारली तर ती माळ्यावर. "काठी टेकत गेली तर लोकांना कळेल ना," वहिनी म्हणाल्या. अहो, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे!

तरी वहिनींना दोष देववत नाही. थोरलीचं लग्न अडेल ही भीती खोटी नाही. स्थळाची चौकशी करताना "घरात कुणाला काही नाही ना?" असं आपणच विचारतो.

मी त्यांना उल्हासनगरच्या प्रांजल पाटीलबद्दल सांगितलं. लहानपणी दृष्टी गेली, तरी आईवडिलांनी घरात बसवलं नाही. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत घातलं. मुलींची ही शाळा १९०० सालची, म्हणजे आपल्या पणज्यांच्या काळातली! यूपीएससीच्या परीक्षेत ती ७७३ वी आली, पण दिसत नाही म्हणून रेल्वेच्या सेवेत घेतलं नाही. पुन्हा परीक्षा दिली, १२४ वी आली आणि २०१९ मध्ये तिरुअनंतपुरमला उपजिल्हाधिकारी झाली.

"ती साहेब झाली हो, आमचीचं काय?" वहिनी म्हणाल्या. तेही खरंच. मग मी चहावर आले. म्हटलं, "पोरी, तुझ्या हातचा चहा पाज." आजी जीव मुठीत धरून दारात उभी. ओतताना आवाज बदलतो, त्यावरून कप भरत आला हे तिला कळतं, शाळेतच शिकलेली. थेंबही सांडला नाही. साखर जरा जास्त पडली, पण ती माझ्याही हातून पडते.

सतरा नंबरचा फॉर्म भरून घरून दहावीला बसता येतं, लेखनिक मिळतो, तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, हे घरात कुणाला माहीतच नव्हतं. वडिलांनी कागदावर लिहून घेतलं. फॉर्म भरतात का, बघायचं.

रथसप्तमीला दोघी आल्या. मी दंड धरून आत न्यायला लागले तर म्हणाली, "काकू, तुम्ही नका धरू. मी तुमचं कोपर धरते, तुम्ही पुढं चाला." बायका क्षणभर गप्प झाल्या, मग कुणीतरी सरकून जागा केली.

काठी मात्र अजून माळ्यावरच आहे. आजीनं निरोप धाडलाय, "दुसऱ्या रंगाची मिळते का, विचारा."