बाईंची वही

सकाळी ८.४०
पोवई नाक्याजवळच्या आमच्या ऑफिसचं शटर अजून अर्धंच वर गेलंय आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर सात तक्रारी येऊन पडल्यात. सहांपुढे एकच शब्द : 'स्लो'. सातवीपुढे 'लाल लाइट'. मला लाल लाइट परवडतो. फायबर कुठंतरी तुटली एवढाच त्याचा अर्थ. जायचं, शोधायची, जोडायची, मोकळं व्हायचं. 'स्लो' म्हणजे डॉक्टरांसमोर बसून नुसतं 'बरं वाटत नाही' म्हणणारा पेशंट.

म्हणून निघण्याआधी प्रत्येकाला फोन करून तीनच गोष्टी विचारतो. कशावर स्लो आहे, मोबाइलवर की कॉम्प्युटरवर? कुठल्या खोलीत? किती वाजता? तिसऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं : "कायमच ओ." आज मात्र गोडोलीच्या एका निवृत्त बाईंनी सरळ सांगितलं, "रात्री ९ ते ११.१५. दिवसा उत्तम असतं. लिहून ठेवलंय मी." मी म्हटलं, दुपारी येऊन जातो. "दिवसा येऊन काय बघणार? रात्री ये." फोन ठेवून दिला.

शेठ पावतीपुस्तकातून मान वर न करता म्हणाले, "नवीन कनेक्शन आहे. घरातलाच घोळ असणार. राउटर बदलून दे आणि विषय संपव." घरातलाच घोळ, हे आमच्या धंद्यात बहुतेक वेळा खरं निघतं, म्हणून ते न बघताच म्हणायची सवय लागलीय.

९.३०, मंगळवार पेठ
जुना वाडा. दोन फुटी काळ्या दगडाच्या भिंती. गेल्या आठवड्यात १०० एमबीपीएसचं कनेक्शन दिलंय, राउटर बाहेरच्या सोप्यात खिळ्याला टांगलेला. सून माजघरापलीकडच्या खोलीत बसून पुण्यातल्या कंपनीचं काम करते, आणि मीटिंगमध्ये तिचा चेहरा वाक्याच्या मध्यातच थिजतो. काका दारातच म्हणाले, "पैसे शंभरचे घेता आणि देता चार."

पहिलं काम वायफाय बाजूला ठेवायचं. लॅपटॉपला थेट लॅन केबल लावली : ९५. म्हणजे खांबापासून राउटरपर्यंत आमचं सगळं ठीक. मग काकांना म्हटलं, "चला, आपण नेट हातात घेऊन घरात फिरू." मोबाइलवर टेस्ट लावत निघालो. राउटरजवळ ९०. माजघरात ३८. देवघर ओलांडलं, ११. सुनेच्या खोलीत ४. काका प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचत होते, दहावीचा निकाल वाचावा तसे.

५ गिगाहर्ट्झचा वायफाय वेगवान खरा, पण दगडाच्या भिंतीपुढे लवकर हात टेकतो. तो सुटला की मोबाइल २.४ वर उतरतो. तो भिंतीपलीकडे जातो, पण तिथं आधीच अख्खी पेठ बसलेली. माझ्या मोबाइलवर त्या खोलीत शेजाऱ्यांचे १९ वायफाय दिसले. २.४ मध्ये चॅनल १३, पण एकमेकांच्या अंगावर न येणारे तीनच धरतात : १, ६ आणि ११. त्यात वाटेवर एक लोखंडी कपाट, आरशासकट.

दगडात ड्रिल घालायचा प्रश्नच नव्हता. खिडकीच्या चौकटीतून, मग आढ्याच्या कडेनं २२ मीटर लॅन केबल ओढली. काकांच्याच माळ्यावर जुना राउटर होता, तो अ‍ॅक्सेस पॉइंट करून सुनेच्या खोलीत बसवला. ८८ आले.

"म्हणजे दोष भिंतीचा," काका म्हणाले.

भिंत दोनशे वर्षं तिथंच आहे. आम्ही डबा खिळा दिसला तिथं टांगला, दोष त्याचा. कनेक्शन देणाऱ्या पोराला नगावर पैसे मिळतात. तो सोप्यात टेस्ट लावतो, ९५ दाखवतो, सही घेतो आणि पुढच्या घराला पळतो. माणसं कुठं बसून काम करतात हे विचारायला कोण थांबतंय?

११.४५, सदर बझार
हे कनेक्शन गुरुवारी मीच दिलेलं. नेट बंद पडत नाही, पण अडखळतं. बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन पॉवर बघितली, म्हणजे फायबरमधून येणारा उजेड : मायनस २८. आमचे बॉक्स मायनस २७-२८ पर्यंत कसेबसे ओढतात. पुढे चुका वाढतात, नेट अडखळतं, मग लाल लाइट. शेजारच्या फ्लॅटला मायनस २१ आहे. स्प्लिटर तोच, जिना तोच.

लेझर पेन लावून वायर कुठं मुडपलीय का बघितलं. कुठंच लाल उजेड सांडत नव्हता. भिंतीवरच्या डबीचं झाकण काढलं आणि कानशिलं तापली. हिरव्या कनेक्टरसमोर निळा. हिरव्याचं तोंड ८ अंशांत तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं सपाट. दोन्ही एकमेकांत खटकन बसतात, ऐकायला सगळं बरोबर वाटतं, पण आत काचेला काच टेकतच नाही. मधल्या फटीत उजेड वाया जातो. गुरुवारी पाऊस येत होता, पिशवीत हात घातला आणि लागली ती पॅचकॉर्ड लावून मोकळा झालो.

हिरवी लावली. मायनस २१. सातचाच फरक दिसतो, पण दर ३ डीबीला उजेड निम्मा होतो. म्हणजे त्या माणसाला चार दिवस पाचव्या हिश्श्याच्या उजेडावर ठेवलं होतं मी. त्यांना म्हटलं, "कनेक्टर बदलला." चूक कोणाची ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

१.१५
ई-सेवा केंद्र. प्लॅन ३०० चा, कॉम्प्युटरवर कायम ९४. हा आकडा दिसला की राउटरकडं बघायचंसुद्धा नाही. लॅन केबलच्या आठ तारांपैकी निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी गेली की जोडणी गिगाबिटवरून १०० वर उतरते, आणि त्यातून हाती ९४-९५ च लागतात. तपकिरी तार क्लिपमध्ये पोचलीच नव्हती. नवीन क्लिप, दहा मिनिटं. बाहेर दाखल्यांसाठी थांबलेली रांग माझ्यावर खूश.

२.००
डबा. मधेच एका इंजिनिअरिंगच्या पोराचा फोन : "दादा, १०० चा प्लॅन आहे आणि गेम १२ नं डाउनलोड होतोय." प्लॅन मेगाबिटमध्ये मोजतात, गेमची फाइल मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा एक बाइट, १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. तुला पुरतं मिळतंय बाबा. तो जरा नाराजच झाला.

३.३०, विसावा नाका
सकाळचा लाल लाइट. गटारीच्या कामाला आलेल्या जेसीबीनं केबल ओढून तोडली होती. जोडायची काच १२५ मायक्रॉनची, आणि त्यातून उजेड जातो तो भाग ९ मायक्रॉनचा. मशीनवर स्प्लायसिंग चालू असताना डोक्यावर छत्री धरायला जेसीबीचाच ड्रायव्हर उभा राहिला. तासाभरात झालं. म्हटलं होतं ना, लाल लाइट परवडतो.

५.३०, शाहूपुरी
नवीन फ्लॅट, कनेक्शन कालचं. सगळ्या खोल्यांत स्लो, लॅनवरही स्लो, पॉवर मात्र झकास. राउटरमध्ये डोकावलो तर खाली येणारी वाट मोकळी आणि वर जाणारी ठासून भरलेली. घरात चार मोबाइल. आजवर मोबाइल डेटावर काटकसरीत राहिलेले, काल वायफाय मिळालं आणि चौघांनीही वर्षानुवर्षांचे फोटो-व्हिडिओ वर चढवायला काढले. आपण काही डाउनलोड करतो तेव्हाही 'मिळालं, पुढचं पाठव' अशा चिठ्ठ्या सतत वर जाव्या लागतात. वरची वाट तुंबली की त्या चिठ्ठ्या अडकतात, आणि खालचंही थबकतं. बॅकअप रात्रीवर टाकायला सांगितला. वहिनींना पटलं नाही. मग त्यांच्याच मोबाइलचा बॅकअप थांबवून टीव्ही लावून दाखवला.

रात्री ८.४५, गोडोली
बाईंनी दार उघडलं, नाव ऐकलं आणि म्हणाल्या, "तुझा थोरला भाऊ माझ्या वर्गात होता. भागाकारात कच्चा." चहा आला, पाठोपाठ वही आली. दोनशे पानी, रेघा आखलेली. तारीख, वेळ, डाउनलोड, अपलोड, शेवटच्या रकान्यात पाऊस होता की नाही. चौदा दिवस. दिवसा ९४, ९५, ९३. रात्री नऊच्या पुढे ६, ५, ७. टीव्ही बंद, मोबाइल बंद, लॅपटॉप एकटाच, आणि तोही लॅन केबलवर. मी सकाळपासून जे घरोघरी करत फिरलो ते बाईंनी आधीच उरकून ठेवलं होतं.

वहीत एक कात्रणही होतं. जानेवारी २०२३ मध्ये सरकारनं ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केली, त्याची बातमी. "म्हणजे तुमचं ६ कायद्यानं ब्रॉडबँडच म्हणायचं," बाई म्हणाल्या. "पण मी पैसे १०० चे भरलेत."

९ वाजून ५ मिनिटं. माझा लॅपटॉप, माझी केबल. पॉवर मायनस १९, सुरेख. ८.५० ला ९३ आले होते, आता ४१. पिंग, म्हणजे उत्तर परत यायला लागणारा वेळ, ६ मिलिसेकंदांवरून ७० वर. ९.१५ ला वेग ६.

घरात काही नाही, फायबरमध्ये काही नाही. उरतो तो आमच्या ऑफिसातला मोठा बॉक्स. त्याच्या प्रत्येक पोर्टमधून खाली सुमारे अडीच गिगाबिट उतरू शकतं, पण त्या सगळ्या बॉक्सला वरून येणारी दोरी एकच, १ गिगची. घरं कमी होती तेव्हा बसवलेली.

"किती घरं आहेत त्या एका दोरीवर?" बाईंनी विचारलं.

"३४०."

बाईंनी वहीच्या मागच्या पानावर १००० भागिले ६ मांडलं. "१६६. म्हणजे निम्मी घरं एका वेळी वापरतायत."

मी म्हटलं, "सगळे एकदम वापरत नाहीत, या हिशोबावरच धंदा चालतो बाई."

"नऊ वाजता वापरतात," बाई म्हणाल्या.

गॅलरीत जाऊन शेठना फोन लावला. त्यांना नवल वाटलं नाही, तेव्हाच कळलं की त्यांना माहीत होतं. १० गिगचं मॉड्यूल सांगितलंय, आलं की लावू. "तोवर राउटर बदलून दे, आठवडाभर गप्प बसतील."

आत आलो. "बाई, तुमचा राउटर चांगला आहे. दोष आमच्याकडं आहे."

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली, पेन उघडून दिलं. "वेळ लिही, आकडा लिही. पाऊस नव्हता. आणि खाली सही कर."

मी ९.१५ लिहिलं, ६ लिहिलं, सही केली.